घरच्या अंगणात स्पोर्टबोट: प्लॅन घेण्यापासून पाण्यात उतरवेपर्यंत

होडी बांधतोय असं एकदा आजूबाजूला कळलं की सल्ले सुरू होतात, आणि बहुतेकांचा सूर एकच असतो: जरा जाड प्लाय घ्या, दोन पट्ट्या जास्त मारा, साग वापरा, पाण्याचं काम आहे. सुतार हेच सांगतो, शेजारचे काका हेच सांगतात, प्लायच्या दुकानातला शेटही तेच ऐकवतो. स्पोर्टबोटीची वाट लावायला एवढे सल्ले पुरतात.

स्पोर्टबोट म्हणजे हलका हल (होडीचं मुख्य धड), त्या मानाने मोठं शीड, मागचा तळ सपाट. वारा पाठीमागून आला की ही होडी पाणी कापत जात नाही, पाण्यावर चढून घसरत जाते. खलाशांच्या भाषेत हे प्लेनिंग. होडी जड झाली की ती चढतच नाही, मग कितीही मोठं शीड लावा. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर मी वजनाचं तुणतुणं वाजवणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

पद्धत आहे ‘स्टिच अँड ग्लू’: प्लायचे तक्ते कापायचे, कडा तारेने शिवायच्या, सांधे इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा डिंक) आणि काचतंतूंच्या, म्हणजे ग्लासच्या, पट्टीने पक्के करायचे. ही पद्धत घराघरात पोचवली १९६३ साली ब्रिटनमध्ये आलेल्या मिरर डिंघीने (डिंघी म्हणजे छोटी उघडी होडी). रेखाटन जॅक होल्ट यांचं, शिवणीची कल्पना टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणाऱ्या बॅरी बकनेल यांची आणि पाठबळ ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राचं. म्हणून तिची शिडं लाल आणि नाव मिरर. साध्या गॅरेजमध्ये, फारशी सुतारकी न येणाऱ्यांनी हजारोंनी बांधलेली ही होडी आहे. तेव्हा ‘मला जमेल का’ हा प्रश्न बाजूला ठेवा.

१. आधी दार मोजा

प्लॅन नंतर. पहिल्यांदा टेप घेऊन जागा मोजा. होडीच्या लांबीत पुढेमागे प्रत्येकी एक मीटर आणि दोन्ही बाजूंना माणूस वाकून काम करू शकेल एवढी मोकळीक हवी. मग दार मोजा, फाटक मोजा, फाटकाबाहेरचं वळण मोजा. हल आडवा करून बाहेर काढता येतो हे खरं, पण दीड मीटर रुंद होडी आडवी केली की ती दीड मीटर उंच होते, आणि दाराची चौकट व तिच्यावरची लोंबती वायर या गोष्टी तेव्हाच आठवतात.

हल कामात एकापेक्षा जास्त वेळा उलटा-सुलटा करावा लागतो, त्यामुळे छताची उंचीही बघा. पत्र्याची शेड असेल तर दुपारी आत भट्टी होते. इपॉक्सीला ते मानवत नाही. मी अलिबागजवळ एका वाडीत रिकाम्या पडलेल्या गोठ्यात काम केलं. कौलारू छप्पर, जाड भिंती, खाली कोबा. याहून चांगली जागा विकतही मिळाली नसती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर परवानगी लेखी घ्या. ग्राइंडरची धूळ शेजारच्या गाडीवर बसली की तोंडी परवानगी कुणाला आठवत नाही.

आणि कॅलेंडर बघा. कोकणात, मुंबईत, गोव्यात हे काम दिवाळीनंतर सुरू करावं आणि इपॉक्सीचं सगळं काम पावसाच्या बऱ्याच आधी संपवावं. का, ते सहाव्या पायरीत.

२. होडी निवडणं

बाजारात प्लॅन भरपूर आहेत. नवशिक्याने ज्यांच्याकडे बघावं असे काही:

मिरर ही ३.३ मीटर लांब, हलचं वजन सुमारे ४५ किलो. वेगाचं वेड असणाऱ्याला ती लहान वाटेल, पण दोन मुलं आणि एक मोठा माणूस यांना शिकायला तोड नाही.

ऑस्ट्रेलियाच्या मायकेल स्टोरर यांची गोट आयलंड स्किफ १५ फूट ६ इंच लांब, हल ६० किलोच्या आसपास. शीड एकच, दोऱ्या मोजक्या. आधुनिक स्पोर्टबोटीचं मोठं पुढचं शीड हिला नाही, पण हलकेपणा म्हणजे काय ते ही होडी पहिल्या वाऱ्यातच शिकवते.

डडली डिक्स यांची पेपर जेट १४ फुटी, एकट्याने चालवायची. ही चपळ आहे, शिकाऊ माणसाला पाण्यात टाकणारच.

ख्रिस बेकविथ यांची १८ फुटी आय-५५० ही खऱ्या अर्थाने स्पोर्टबोट: प्लायचा हल, वर उचलता येणारी कील (तळाखालचं वजनदार पातं), कीलच्या टोकाला शिशाचा गोळा, मोठं रंगीत पुढचं शीड. पण कील आली की तिची पेटी, तिच्या आजूबाजूचा जोर, उचलायची यंत्रणा, शिसं आणि ट्रेलर हे सगळं आलं.

माझं मत विचाराल तर पहिली होडी बिनकीलची, साधारण १४ ते १६ फुटांची बांधा. ज्यांना आय-५५०च हवी त्यांनीही आधी एखादी छोटी कयाक किंवा डिंघी बांधावी. इपॉक्सीचा हात तिथे बसतो, तोही कमी पैशांत.

३. प्लॅन की किट

किट म्हणजे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) यंत्रावर कापलेले तक्ते खोक्यात. कापण्याचा वेळ वाचतो, अचूकता मिळते. पण परदेशातून खोकं मागवलं तर जहाजभाडं आणि सीमाशुल्क यांचा हिशोब एखाद्या कस्टम्स एजंटकडून आधी करून घ्या; हौशी नौकेच्या सदरात माल गेला की कर चांगलाच चढा लागतो. किटबरोबर इपॉक्सी मात्र मागवू नका. हार्डनर हा रसायन म्हणून धोकादायक मालात मोडतो, विमानाने येताना अडकतो. रेझिन इथेच मिळतं.

मधला मार्ग सगळ्यात चांगला: डिझायनरकडून प्लॅनसोबत कटिंगच्या फाइल घ्यायच्या आणि आपल्या शहरातल्या सीएनसी राउटरवाल्याकडून प्लाय कापून घ्यायचा. मॉड्युलर किचनची कामं करणारे पुष्कळ जण आहेत, भोसरीत आहेत, वसईत आहेत. फक्त त्याला सांगा की हे फर्निचर नाही, कडेला पट्टी चिकटवायची नाही आणि मापात ‘जरा इकडेतिकडे’ चालणार नाही.

कागदावरच्या प्लॅनचे सापळे वेगळे. प्रिंटरवाला ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू ठेवून प्रिंट काढतो आणि सगळी होडी दोन टक्क्यांनी लहान होते. प्लॅनवर छापलेली मोजपट्टी स्टीलच्या पट्टीने तपासल्याशिवाय दुकानातून हलू नका, आडवी आणि उभी दोन्ही. दुसरं, काही अमेरिकन प्लॅन फूट-इंच-सोळांशात असतात. एका बैठकीत सगळी मापं मिलिमीटरमध्ये उतरवून काढा आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

४. जवळ ठेवायची कागदपत्रं

• प्लॅनची पावती आणि परवाना. बहुतेक डिझायनर एका प्लॅनवर एकच होडी बांधायची परवानगी देतात. क्लासमध्ये (एकाच जातीच्या होड्यांमध्ये) शर्यत लावायची असेल तर हल क्रमांक याच कागदांवर मिळतो.
• प्लाय, रेझिन, हार्डनर यांची बिलं, लॉट क्रमांकासकट.
• प्रत्येक टप्प्याचे फोटो, विशेषतः बंद होणाऱ्या कप्प्यांच्या आतले. मापन करणारा अधिकारी, विमा कंपनी किंवा उद्या होडी विकत घेणारा, तिघंही हेच मागतात.
• जिथे होडी चालवणार तिथली परवानगी. खाडी-समुद्रासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात, धरणाच्या जलाशयासाठी जलसंपदा विभागाकडे चौकशी करा. होडीला आउटबोर्ड इंजिन लावायचा विचार असेल तर आधीच सांगा. यंत्रावर चालणाऱ्या नौकांना तपासणी आणि नोंदणी लागते, नियम बदलतात.

ही चौकशी प्लाय घेण्याआधी करा. बांधून झाल्यावर पाणी शोधत फिरणारे लोक मी पाहिलेत.

५. प्लाय

इथे जरा थांबायला हवं, कारण होडीचं वजन इथेच ठरतं.

आपल्याकडे मरीन प्लाय म्हणून मिळतो तो आयएस ७१० मानकाचा. डिंक उकळत्या पाण्यात टिकणारा असतो, चांगला असतो. पण तो बहुधा गर्जनसारख्या जड लाकडाचा असतो. परदेशी प्लॅनमध्ये गृहीत धरलेला प्लाय असतो ओकुमे नावाच्या हलक्या आफ्रिकी लाकडाचा, बीएस १०८८ मानकाचा. ६ मिमी जाडीची आठ बाय चारची शीट घ्या: ओकुमेची साधारण साडेआठ-नऊ किलो भरते, गर्जनची तेरा किलोच्या आसपास. सहा शीटच्या होडीत, कापून गेलेला भाग सोडला तरी वीसेक किलोंचा फरक. साठ किलोच्या हलमध्ये वीस किलो म्हणजे तिसरा हिस्सा!

मग पातळ आयएस ७१० घेऊ का? हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. जपून. तक्त्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली तर कडकपणा आठव्या हिश्शावर येतो. ६च्या जागी ४ मिमी लावलात तर तो तिसऱ्या हिश्शाच्याही खाली जातो. डिझायनरला मेल टाकून विचारा. बहुतेक जण आनंदाने उत्तर देतात, आणि कधी कधी ‘५ मिमी चालेल, पण आत एक पट्टी वाढवा’ असं नेमकं सांगतात. ओकुमे मागवणं परवडत असेल तर मागवा. नसेल तर जड प्लायवर बांधा, पण मग बाकी सगळीकडे कंजूष व्हा.

दुकानात शीट उभी करून चारही कडा नीट पाहा. कडेवर थरांच्या मधे फट दिसली की आतही पोकळी असते. नाण्याने ठोकत गेलं की पोकळ जागी आवाज बदलतो. व्हर्नियरने जाडी मोजा. ६ म्हणून ५.४ही मिळतो. एक तुकडा मागून घ्या आणि घरी जुन्या पातेल्यात दिवसभर उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर तो शिक्का कितीही सुंदर असो, दुकान बदला. पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

पट्ट्या, कठडे, आतले दांडे यांसाठी सुतार साग सुचवेलच. साग टिकाऊ आहे, पण जड आहे आणि तेलकट आहे, चिकटवण्याआधी अॅसिटोनने पुसावा लागतो. लाकूडबाजारात डग्लस फर किंवा चांगला पाईन मिळतो. सरळ रेषांचा, गाठी नसलेला दांडा निवडून घ्या. साग घासट लागणाऱ्या एक-दोन जागी ठीक.

६. इपॉक्सी आणि हवामान

फायबरग्लासच्या दुकानात जाऊन नुसतं ‘रेझिन द्या’ म्हणालात तर तुम्हाला पॉलिएस्टर मिळेल, सोबत कोबाल्ट आणि कॅटलिस्टच्या बाटल्या. ते आपल्या कामाचं नाही. लाकडाला ते नीट धरत नाही. (ते घरात असेलच तर कोबाल्ट आणि कॅटलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो.) इपॉक्सीच मागा. तसंच ‘मॅट’ नको, विणलेलं कापड आणि पट्टी हवी. काचतंतूंचा चुरा दाबून केलेल्या मॅटमधला डिंक सहसा पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, आणि मॅट रेझिनही जास्त पिते.

प्रमाण वजनाने मोजा. काही जोड्यांना १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर लागतं. अशा वेळी दोन ग्रॅमची चूक म्हणजे हार्डनरमध्ये वीस टक्क्यांची चूक. स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही. सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा घ्या. ‘लवकर वाळावं म्हणून’ हार्डनर वाढवायचं नाही. इपॉक्सी वाळत नाही, तिची रासायनिक क्रिया होते. जादा हार्डनर तसंच अडकून राहतं आणि सांधा मऊ होतो.

उष्णता: तापमान दहा अंशांनी वाढलं की हातात असलेला वेळ साधारण निम्मा होतो. वीस अंशांना अर्धा तास मिळणारं मिश्रण आपल्या तीस अंशांत पंधरा मिनिटांत दगड होतं. खोल ग्लासात ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर निघतो, ग्लास वितळतो. मिसळलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. स्लो हार्डनर मागा आणि थोडं थोडं मिसळा.

लाकडावर पहिला हात संध्याकाळी द्या. सकाळी तापमान चढत असताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि थरात बुडबुडे राहतात. संध्याकाळी उतरत्या तापमानात लाकूड उलट रेझिन आत ओढून घेतं.

दमटपणा: दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय येते. ती ओल्या बोटाला बुळबुळीत लागते. तिच्यावर पुढचा थर दिला तर तो काही महिन्यांनी पापडासारखा सुटतो. साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुऊन काढा, पुसा, मगच पॉलिश पेपर मारा. आधी घासलंत तर ती साय पेपरमध्ये भरते आणि पृष्ठभागावर पसरते. जुलैत हे सगळं करायला जाल तर निम्मा वेळ धुण्यातच जाईल.

नायट्राइलचे हातमोजे प्रत्येक वेळी घाला. इपॉक्सीची अॅलर्जी हळूहळू जमा होते आणि एकदा झाली की जन्माची. काही बांधणाऱ्यांना तिच्यामुळे हा छंद सोडावा लागतो. हाताला लागलंच तर थिनरने पुसू नका, ते उलट कातडीत आत नेतं. साबण आणि पाणी.

७. हत्यारं

• जिगसॉ आणि बारीक दातांची पाती. हाताचा रंधा, धार लावलेला
• ड्रिल, २ मिमीचे पाच-सहा बिट (मोडतात)
• ऑर्बिटल सँडर. यात पैसे वाचवू नका, सगळ्यात जास्त वेळ हाच हातात असतो
• सी-क्लॅम्प, जमतील तितके, उसने आणा
• लाईनदोरी, ओळंबा, गुण्या आणि गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब
• छोटा डिजिटल काटा, ट्रे, प्लॅस्टिकची पाती, रोलर
• धुळीसाठी एन-९५ मास्क, रंगासाठी कार्बन काडतुसाचा वेगळा मास्क

टेबल सॉ लागत नाही. पट्ट्या लाकूडबाजारातच चिरून घ्या.

८. कापणं आणि जोडणं

आठ फुटांच्या शीटमधून पंधरा फुटांचा तक्ता काढायचा तर दोन शीट जोडाव्या लागतात. स्कार्फ जोडात दोन्ही कडा तिरक्या रंधतात, उतार एकास आठ: ६ मिमी प्लायला ४८ मिमी लांब. चार तुकडे पायऱ्यांसारखे एकावर एक रचून एकदम रंधले तर उतार सारखा येतो, आणि प्लायच्या थरांच्या रेषा सरळ दिसल्या की रंधा बरोबर चाललाय असं समजा. सीएनसीवाल्यांना कोड्याच्या तुकड्यांसारखा जोड कापून मिळतो, तो सोपा. शीट चिकटवताना खाली प्लॅस्टिक घालायला विसरू नका, नाहीतर होडी कोब्याला चिकटते.

तक्त्याची वळणदार रेषा आखताना खुणांवर खिळे ठोकून लवचीक पट्टी वाकवा आणि एका टोकाला डोळा लावून बघा. एखादी खूण पट्टीला आत-बाहेर ढकलत असेल तर ती खूण चुकलेली आहे, पट्टीचं ऐका. डावा-उजवा तक्ता एकत्र धरून एकदम कापा आणि रेषेच्या बाहेर एक मिलिमीटर सोडून मग रंधा.

९. शिवणं

काथ्याने फळ्या शिवून जहाजं बांधणं आपल्या पश्चिम किनाऱ्याला नवं नाही. गोव्यात बांधलेलं नौदलाचं ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ त्याच जुन्या पद्धतीचं आहे. फरक एवढाच की तिथे शिवण कायमची असते, आपली चार दिवसांची.

कडेपासून ८-१० मिमी आत, दर १०० ते १५० मिमीवर भोकं पाडा. पुढच्या टोकाला, जिथे प्लाय पिळला जातो तिथे, अंतर निम्मं करा. तांब्याची तार इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड स्क्वेअर मिमीची वायर घेऊन सोलली की मिळते. सगळे पीळ बाहेरच्या बाजूला आणि एकाच दिशेने द्या, सोडवताना डोकं वापरावं लागत नाही. आधी सगळ्या तारा ढिल्या ठेवा. होडी लोळागोळा दिसेल, घाबरू नका. मधल्या आडव्या फ्रेम बसवा, मग मधून टोकांकडे जात थोडं थोडं आवळा. एकाच ठिकाणी पूर्ण आवळलं तर भोक फाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा तास. होडी पिळलेली आहे का? पुढे आणि मागे कठड्यांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा. लेव्हल ट्यूबमध्ये पाणी भरा, त्यात बुडबुडा राहिला नाही याची खात्री करा आणि दोन्ही पट्ट्यांची टोकं समपातळीत आणा. मग मागे जाऊन एक डोळा मिटून बघा, दोन्ही पट्ट्या एकमेकींवर झाकल्या गेल्या पाहिजेत. नाळेच्या (होडीच्या पुढच्या) टोकापासून मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतची अंतरं मोजा. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तारा सोडा, पाचर मारा, पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी परत मोजा. इपॉक्सी लागल्यावर पीळ निघत नाही, आणि पिळलेली होडी एका अंगाला कायम हट्टी राहते.

१०. फिलेट आणि पट्टी

तारांच्या मधल्या जागांत इपॉक्सीचे छोटे ठिपके देऊन होडी जागेवर धरा. ते पक्के झाल्यावर तारा काढा. अडकलेल्या तारेला सोल्डरिंग आयर्नचं टोक लावलं की ती तापून सुटते. मग सांध्याच्या आतल्या कोनात सलग फिलेट, म्हणजे इपॉक्सीच्या लगद्याची गोलसर भरणी.

रेझिन आणि हार्डनर आधी नीट मिसळायचं, भुकटी नंतर. सांध्यासाठी लाकडाची बारीक भुकटी आणि सिलिका. मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी भुकटी) फक्त खड्डे भरायला, सांध्यात कधीच नाही. मिश्रण चक्क्याइतकं घट्ट हवं: पात्यावर उचलून पातं उलटं केलं तर पडू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून मेंदीच्या कोनासारखं सांध्यात पिळा. ६ मिमी प्लायला सुमारे २० मिमी त्रिज्येचं गोल टोक कापलेलं जुनं बँकेचं कार्ड घ्या आणि एका दमात, एकाच कोनात ओढत न्या. दोन्ही कडांना जादा माल रेघेसारखा बाहेर येतो. तो लगेच पटाशीने उचलून परत डब्यात टाका. उद्या तोच सँडरने काढायला दहापट वेळ लागतो.

फिलेट अजून चिकट असतानाच ७५ मिमीची ग्लास पट्टी वर ठेवून ब्रशने रेझिन ठोकत भरा. कापड पारदर्शक झालं की पुरे. पांढरे डाग दिसतात तिथे रेझिन कमी, चकाकणारं तळं दिसतं तिथे जास्त. पट्टीच्या वर फिलेट ‘अजून थोडी जाड’ करू नका; मजबुती पट्टीत आहे, लगद्यात नाही.

११. बाहेरचं कापड आणि घासाघाशी

हल पालथा करून सांध्यांच्या कडा गोल करा. धारदार कोपऱ्यावर कापड बसत नाही. प्लॅन सांगेल त्या वजनाचं कापड घ्या, बहुधा चौरस मीटरला २०० ग्रॅम. रेझिन साधारण कापडाच्या वजनाइतकंच. प्लॅस्टिकच्या पात्याने जादा रेझिन ओढून काढा. कापडाची वीण दिसली पाहिजे. ती वीण पुढच्या पातळ हातांनी भरते, आणि हे हात आधीचा थर चिकट असतानाच दिले तर मधे घासावं लागत नाही.

‘अजून एक हात देऊ’ असं वाटेल. हिशोब करा: आतबाहेर वीस चौरस मीटर, प्रत्येकी दीडशे ग्रॅम, झाले तीन किलो. घासण्याबद्दल काय लिहू? गाणी लावा, मास्क घाला, ८० नंबरच्या पेपरपासून सुरू करा. अर्धवट पक्क्या इपॉक्सीची धूळ अंगाला सगळ्यात वाईट, म्हणून निदान आठवडाभर थांबून घासा.

१२. हवेचे कप्पे, सेंटरबोर्ड, सुकाणू

कप्पे बंद करण्याआधी आतून प्रत्येक इंचावर इपॉक्सी लागली आहे ना ते टॉर्चने बघा आणि फोटो काढा. बंद केल्यावर गळती तपासा: झाकणातून एक नळी आत घाला, दुसरी पाण्याची लेव्हल ट्यूब दाब दाखवायला जोडा आणि तोंडाने हळू फुंका. पाण्याच्या पातळीत पाच सेंटिमीटरचा फरक भरपूर. फरक टिकला तर उत्तम. उतरत गेला तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे चोर दाखवतात. कॉम्प्रेसर लावू नका, कप्पा फाटेल.

सेंटरबोर्ड (होडीच्या मधून पाण्यात खाली सोडायची फळी) आणि सुकाणू म्हणजे पाण्याखालचे पंख. नुसती सपाट फळी गोल करून चालत नाही. प्लॅनमध्ये आकाराचे साचे असतात. ते कापून फळीवर धरत धरत रंधा. हा होडीतला सगळ्यात सुंदर भाग आहे, इथे वेळ द्या.

कीलवाली होडी असेल तर शिसं घरी ओतू नका. वाफ विषारी असते आणि साच्यात ओलावा असला तर वितळलेलं शिसं स्फोटासारखं उडतं. फाउंड्रीत साचा घेऊन जा.

१३. डोलकाठी, शिडं, फिटिंग्ज

नुसता हल तयार झाला की लोक अभिनंदन करतात. तोवर खर्चाचा फार तर निम्मा भाग झालेला असतो. हा आकडा घरच्यांना सुरुवातीलाच सांगा.

शिडं विकत घ्या. डोलकाठीसाठी जवळच्या सेलिंग क्लबात चक्कर मारा. आपल्याकडे एंटरप्राइज, लेझर, ऑप्टिमिस्ट या होड्या वर्षानुवर्षं चालतात आणि मोडक्या होड्यांच्या काठ्या शेडमध्ये पडून असतात. पुण्यात मुळा-मुठेकाठी १८६८ पासूनचा रॉयल कॉनॉट बोट क्लब आहे, मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे. पुल्या, क्लीट (दोरी अडकवायचे खटके), दोऱ्या कुठे मिळतात हे तिथल्या जुन्या माणसांना कुठल्याही दुकानदारापेक्षा चांगलं माहीत असतं.

स्टीलचे स्क्रू-बोल्ट ३१६ ग्रेडचेच घ्या. ३०४ ग्रेडला खाऱ्या पाण्यात लवकर तांबारा येतो. प्रत्येक भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीने भरा आणि मग त्यात योग्य मापाचं भोक पाडा. म्हणजे पाणी प्लायच्या थरांपर्यंत पोचत नाही. होड्या कुजतात त्या बहुतेक अशा एखाद्या उघड्या स्क्रूच्या भोकापासून.

१४. रंग

इपॉक्सी उन्हात खराब होते, म्हणून रंग किंवा अतिनील किरणं अडवणारं व्हार्निश हवंच. दोन भागांचा पॉलियुरेथेन सगळ्यात टिकाऊ, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक. काडतुसाचा मास्क आणि उघडी जागा असेल तरच. रोलरने लावून ब्रशच्या टोकाने हलकं फिरवलं की स्प्रेची गरज राहत नाही. रंग फिका ठेवा. गडद निळा हल फोटोत छान दिसतो, पण मे महिन्यात वाळूवर ठेवलात तर हात लावता येत नाही आणि आतली इपॉक्सी मऊ पडू लागते. रंग झाल्यावर होडी काट्यावर घ्या आणि वजन लिहून ठेवा.

१५. पाण्यात

पहिल्या दिवशी शीड नको. कमरेइतक्या शांत पाण्यात होडी तरंगवा, आत बसा, दहा मिनिटांनी कप्प्यांची झाकणं उघडून बघा. मग ती मुद्दाम उलटवा, सेंटरबोर्डवर उभं राहून सरळ करा, आत चढून पाणी उपसा. हे पोहता येणाऱ्या दुसऱ्या माणसासोबत आणि लाइफ जॅकेट घालूनच. उलटलेली होडी सरळ करता येत नसेल तर खोल पाण्यात जायचं नाही, बाकी काही असो.

शीड लावून पहिली फेरी सकाळी, मतलई वारा उतरत असताना घ्या. किनाऱ्यावर फेब्रुवारी-मार्चनंतर दुपारचा खारा वारा चांगलाच चढतो. नव्या होडीच्या नव्या गाठी तेव्हा तपासू नयेत. मतलई वारा किनाऱ्यापासून दूर ढकलतो हेही लक्षात ठेवा आणि खाडीच्या आतच राहा. भरती-ओहोटीची वेळ गावातल्या कोळ्यांना विचारा. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. ज्या समुद्रात त्यांच्या मोठ्या होड्या जात नाहीत त्यात आपली साठ किलोची नेऊ नये. मुंबई बंदरात नौदलाच्या हद्दीपासून लांब राहा.

परत आल्यावर सगळी होडी गोड्या पाण्याने धुवा, कप्प्यांची झाकणं उघडी ठेवून सावलीत वाळवा आणि आत हात घालून बघा. कोरडं असेल तर ठीक. ओलं लागलं तर ते पाणी चाखून बघा: खारट असेल तर बहुधा सांधा गळतोय, गोडं असेल तर बहुधा झाकणाचं रबर. पुढच्या फेरीआधी ते दुरुस्त करा.